शेजाऱ्याशी मॅच कधी?

ऑफिसात सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? पगारावरून? चुकताय बॉस. पगाराचा आकडा शेजारच्या टेबलवाल्याला कळतच नाही, त्यामुळे त्यावरून फक्त धुसफूस होते. खरी भांडणं होतात ती वाटणीवरून. कुणाला कुठला क्लायंट, कुणाला कुठला एरिया, कुणाची नाईट शिफ्ट. एकाला हिंजवडीतल्या आयटी कंपन्या मिळतात आणि तो क्वार्टर संपायच्या आत टार्गेट पूर्ण करून गोव्याला जातो. दुसऱ्याला अशी कंपनी मिळते जिचा पर्चेस मॅनेजर गेली सहा वर्षं फक्त चहा पाजतोय. वर्षअखेर अप्रेझलच्या कागदावर मात्र दोघांचे आकडे एकाच रकान्यात! आकडा खरा असतो, पण तो आकडा कुणाशी झुंजून आणला याचा रकाना फॉर्ममध्ये नसतो.

खेळातही अगदी हेच होतं. पॉइंट्स टेबल सगळे वाचतात. वेळापत्रक कोण वाचतं? खरं तर अर्धी स्पर्धा तिथेच ठरलेली असते. कुणाच्या गटात कोण, किती सामने घरी, किती बाहेर, आणि दरवर्षी कुणाशी गाठ पडणार. आज ही सगळी वकिली करायची आहे ती एका अशा मॅचसाठी, जी एकेकाळी दरवर्षी ठरलेली असायची. दिवाळी यावी तितकी नक्की. आता ती लॉटरीसारखी लागते. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, रणजी करंडक.

हसू नका! ‘रणजी कोण बघतं’ हे मलाही माहीत आहे. आयपीएलच्या जमान्यात चार दिवसांची मॅच म्हणजे डायल-अप इंटरनेट. पण दोन मिनिटं थांबा. या मॅचमध्ये काय काय होऊन गेलंय ते ऐका, मग ठरवा.

आजोबांच्या काळातला सॉलिड मसाला

१९४०-४१ चा मोसम. महाराष्ट्राचे कप्तान प्रा. दि. ब. देवधर. वय ४८. या वयात आपण गुडघ्याला बाम लावून लिफ्टची वाट बघत असू. देवधरांनी त्या वयात मुंबईविरुद्ध २४६ धावा ठोकल्या. त्या वर्षी रणजी करंडक महाराष्ट्राने जिंकला. आदल्या वर्षी, १९३९-४० मध्येही जिंकला होता. त्यानंतर? त्यानंतर महाराष्ट्राने तो करंडक आजवर उचललेला नाही. आठ दशकं उलटून गेली.

मुंबईने उट्टं काढायला फार वेळ लावला नाही. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट महाराष्ट्राविरुद्ध उभे राहिले आणि नाबाद ३५९ करून परत आले. नाबाद, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला आउटच करता आलं नाही. आणि मग आला १९४८-४९ चा उपांत्य सामना, पुण्यात. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७. मुंबई पुन्हा ८ बाद ७१४ आणि डाव घोषित. महाराष्ट्र हरतोय हे उघड होतं, तरी त्यांनी चौथ्या डावात ६०४ धावा काढल्या! एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतकं. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात इतक्या धावा जगात कुठेच झालेल्या नाहीत. हा विश्वविक्रम लॉर्ड्सच्या नावावर नाही आणि मेलबर्नच्याही नाही. तो आपल्या पुण्यातला आहे.

मुंबईवाले याला ‘खडूस’ क्रिकेट म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात, हे लक्षात घ्या. समोरच्याला दया म्हणून एक रनही द्यायची नाही. पुणेकरांना खडूसपणा शिकवायला मुंबईकर लागत नाही हा भाग वेगळा. पण हे दोन शेजारी समोरासमोर आले की धमाल होणार, हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं.

पण ते फेअर होतं का?

आता थोडं उलट बाजूने बघू. जुन्या आठवणी काढताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ही मॅच दरवर्षी व्हायची, कारण देश पाच विभागांत वाटलेला होता. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य. १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने सुरू झाले. पश्चिमेत पाच संघ होते. मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. प्रत्येकाचे विभागात चार सामने. आणि पुढच्या फेरीत विभागातून किती संघ जायचे? एकच!

इथेच महाराष्ट्राची गोची झाली. कारण १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं रणजी करंडक मुंबईने जिंकला. म्हणजे देशातला सगळ्यात दादा संघ तुमच्याच वाड्यात राहतो आणि वाड्यातून एकालाच बाहेर जायची परवानगी! महाराष्ट्र देशात दोन नंबरचा असला काय आणि दहा नंबरचा असला काय, निकाल एकच. डबा उचला, घरी चला.

तुलना बघायची असेल तर राजस्थान बघा. राजस्थान मध्य विभागात होता. तिथे मुंबई नव्हती. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा मोसमांत राजस्थान सात वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. वाईट वाटतं ना? पण विचार करा. राजस्थान मुंबईशी हरला की त्याला देशात ‘उपविजेता’ म्हणायचे. महाराष्ट्र त्याच मुंबईशी हरला की ‘साखळीतच गारद’ व्हायचा. हरवणारा तोच, पण एकाला मेडल आणि दुसऱ्याला एसटीचं तिकीट. फरक फक्त नकाशावरच्या एका रेघेचा.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्र तेवढा चांगलाच नसेल कशावरून? रास्त शंका. तिचं उत्तर १९७०-७१ ने दिलंय. त्या मोसमापासून नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून एकाऐवजी दोन संघ पुढे जाऊ लागले. आणि त्याच पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात कोण आलं? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! मुंबईचे स्टार तेव्हा भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने ४८ धावांनी जिंकलं. खडूसच ते. पण मुद्दा सिद्ध झाला. दार फक्त थोडं उघडलं आणि महाराष्ट्र थेट फायनलला! आधीची बारा-तेरा वर्षं कमी पडत होती ती गुणवत्तेइतकीच जागाही.

तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. दरवर्षीची शेजाऱ्याची मॅच मजेची होती, पण तिचं बिल एकाच शेजाऱ्याच्या नावावर फाटत होतं.

२००२ ची झाडूपुसू

पुढे नियम सैलावत गेले. १९९२-९३ पासून विभागातून तीन संघ पुढे जाऊ लागले. त्याच मोसमात महाराष्ट्र पुन्हा फायनलला पोहोचला आणि पंजाबकडून हरला. आणि मग २००२-०३ मध्ये बोर्डाने विभागच मोडीत काढले. एलिट आणि प्लेट अशा दोन पायऱ्या आल्या. वरच्या पायरीवर चांगले, खालच्या पायरीवर बाकीचे. चांगलं खेळा, वर जा. वाईट खेळा, खाली या. एकदम कॉर्पोरेट!

लॉजिक बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. दुबळ्या संघाला झोडून पोत्याने धावा करायच्या आणि त्यावर निवड समितीपुढे छाती काढायची, हा प्रकार त्याने कमी झाला. तगड्यांची गाठ तगड्यांशी पडू लागली. पुढेही फॉर्म्युले बदलत राहिले. २०१२-१३ मध्ये ए, बी, सी असे तीन गट, २०१७-१८ मध्ये सात-सात संघांचे चार गट, २०२२-२३ मध्ये एलिटचे आठ-आठ संघांचे चार गट आणि प्लेटचे सहा संघ. वाटणी भूगोलावर नाही, तर कामगिरीवर.

या सगळ्या झाडूपुसूत शेजाऱ्याची मॅच मात्र केराबरोबर गेली. कुणी मुद्दाम काढली नाही हो. ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, एवढंच. आता मुंबई आणि महाराष्ट्र एका गटात आले तर भेट, नाही आले तर पुढच्या वर्षी बघू. सख्खे शेजारी, पण भेट व्हायची ती चिठ्ठी निघाली तरच.

जालन्याचा मुलगा कुणाकडून खेळतो?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मंडळींना विचारून बघा, सॉलिड टीपी होतो. आपल्या राज्यात रणजीचे संघ तीन. मुंबई, विदर्भ, आणि या दोघांतून उरलेला तो महाराष्ट्र. म्हणजे कोकणपट्टीतला एक तुकडा मुंबईचा, नागपूरकडचे अकरा जिल्हे विदर्भाचे आणि बाकी सगळा गोतावळा महाराष्ट्राच्या झेंड्याखाली. ऑफिस पुण्यात.

जालना हा महाराष्ट्राचा जिल्हा, क्रिकेटच्या भाषेतही. पण जालन्याहून देऊळगाव राजाला निघालात तर बसने तासाभराच्या आत बुलडाणा जिल्ह्यात पोहोचता आणि क्रिकेटसाठी तुमचं राज्यच बदलतं! तिथला मुलगा विदर्भाचा, जालन्याचा महाराष्ट्राचा. बाजार एक, सोयरीक एक, मोसंबीचे व्यापारी एक. पण एकाने बॅग भरायची ती पुण्यासाठी आणि दुसऱ्याने नागपूरसाठी. आणि दोघंही रणजीत एकमेकांसमोर दरवर्षी येतील का? याची काहीच गॅरंटी नाही. विभागांच्या जमान्यातही नव्हती, कारण तेव्हा विदर्भ मध्य विभागात होता.

‘जालना, सोने का पालना’ असं आमच्याकडे म्हणतात. बियाण्यांच्या कंपन्या, स्टीलचे कारखाने, सगळं आहे. पण क्रिकेटच्या नकाशावर जालना ठळक केलं ते विजय झोलने. २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. चारशे एक्कावन्न! डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या आणि ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम समोर दिसत असताना काठियावाडने मैदान सोडलं होतं. मुलांच्या क्रिकेटात का होईना, त्या गोष्टीची आठवण जालन्याच्या पोराने करून दिली.

आता मुद्द्यावर येतो. जानेवारी २०१४, वानखेडे स्टेडियम, रणजीची उपांत्यपूर्व फेरी. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. पहिल्या डावात महाराष्ट्र मागे पडला. सगळ्यांनी गृहीत धरलं की झालं, नेहमीचंच. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ मध्ये गुंडाळली आणि महाराष्ट्रासमोर लक्ष्य आलं २५२ चं. केदार जाधव नाबाद १२०. आणि समोर १९ वर्षांचा विजय झोल, नाबाद ९१. महाराष्ट्र आठ विकेट्सनी जिंकला. मुंबईत, मुंबईविरुद्ध, बाद फेरीत! त्यानंतर पुढच्याच महिन्यात झोल १९ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताचा कप्तान म्हणून युएईत उतरला.

जालन्यात त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा वाटलं असेल की रणजी ही आपलीही भानगड आहे. ५,००० धावा करा, पण त्या रेकॉर्डबुकात राहतात. मुंबईला मुंबईत हरवलंत तर ते पानटपरीपर्यंत पोहोचतं. शेजाऱ्याच्या मॅचची ताकद ती हीच. तिथे काय झालं हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही मॅच झाली कशी? साखळीच्या वेळापत्रकात ती नव्हतीच. त्या वर्षी मुंबई वरच्या गटात आणि महाराष्ट्र सी गटात होता. सी गटातून वर आला म्हणून गाठ पडली. महाराष्ट्र त्या मोसमात थेट फायनलपर्यंत गेला, तिथे कर्नाटकने हरवलं. केदार जाधवच्या मोसमात १,२२३ धावा झाल्या. नसता वर आला, तर त्या संघातल्या पोरांना मुंबईशी खेळायला मिळालंच नसतं.

मग सी गटवाले फुकटात आले का?

हा प्रश्न आमच्या ऑफिसातल्या एका दादरकराने मला डोळे बारीक करून विचारला. त्याचं म्हणणं असं की वरच्या गटात एकमेकांची हाडं मोडणाऱ्यांनी बाहेर बसायचं आणि खालच्या गटात सोपे पेपर सोडवणाऱ्याने क्वार्टर फायनलला यायचं, हा कुठला न्याय? महाराष्ट्राचं एकच उदाहरण नाही. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेटमधून, म्हणजे खालच्या पायरीवरून आला आणि चक्क करंडक घेऊन गेला. ज्या राजस्थानने सात वेळा मुंबईच्या हातून फायनल गमावली, त्यांना अखेर करंडक मिळाला तो मागच्या दाराने, असं दादरकराचं मत.

त्याला मी एवढंच म्हटलं की दादा, दार कुठलंही असो, आत आल्यावर पेपर सगळ्यांना एकच होता. महाराष्ट्राने मुंबईला वानखेडेवर हरवलं, हिंगोलीच्या शाळेत नाही. पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. कुठलीही वाटणी केलीत तरी कुणाला तरी सोपा क्लायंट मिळणारच. शंभर टक्के समान वेळापत्रक म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. ३८ संघ असतील तर प्रत्येकाचे ३७ सामने, तेही चार-चार दिवसांचे. थंडीत सुरू केलेली रणजी पुढच्या पावसाळ्यातही संपायची नाही.

परफेक्ट न्यायाच्या नादात आपण एकदा काय केलं तेही सांगतो. २०१६-१७ मध्ये सगळे सामने तटस्थ मैदानांवर ठेवले. घरच्या संघाने आपल्याला हवी तशी खेळपट्टी बनवू नये म्हणून. विचार चांगला. त्या वर्षी महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी नाबाद ५९४ धावांची भागीदारी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. तोवरच्या रणजीच्या इतिहासातली सर्वात मोठी भागीदारी! कुणाविरुद्ध? दिल्लीविरुद्ध. कुठे? वानखेडेवर. म्हणजे महाराष्ट्राचा विक्रम, दिल्लीचे बोलर आणि मुंबईच्या रिकाम्या खुर्च्या. टाळ्या वाजवायच्या कुणी? बावणे तर आमच्या जालन्याच्या शेजारचा, औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. तोच डाव पुण्यात झाला असता तर मराठवाड्याच्या निम्म्या पोरांनी लेक्चर बंक करून गर्दी केली असती. पुढच्या मोसमापासून सामने पुन्हा घरच्या मैदानांवर आले. खेळपट्टी फेअर होती हो, पण सगळंच पाहुण्याच्या घरी जेवल्यासारखं!

अमेरिकेतही हेच रडगाणं

तुमचा एखादा तरी चुलतभाऊ टेक्सासमध्ये असेलच. त्याला विचारा तिथल्या कॉलेज फुटबॉलबद्दल. आपल्या फुटबॉलशी त्याचा संबंध नाही, ते हेल्मेट घालून अंगावर धावून जातात ते. तिथे कॉलेजांचे मोठाले गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आणि दरवर्षीच्या ठरलेल्या मॅचवर अख्खी गावं जगतात. मिशिगन आणि ओहायो स्टेट १९१८ पासून दरवर्षी भिडताहेत, फक्त २०२० मध्ये कोविडमुळे खंड पडला.

पण तिथेही कॉलेजं पैशासाठी गट बदलतात. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम ही दोन शेजारी कॉलेजं. २०११ नंतर एकाने गट बदलला आणि जुनी मॅच बंद! एकाच राज्यातली दोन कॉलेजं, घराघरांत दोन्हीकडची माणसं, आणि मॅच नाही. ती पुन्हा सुरू झाली २०२४ मध्ये, दुसरंही कॉलेज त्याच गटात आल्यावर. मधली बारा वर्षं वाया. म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीच्या हिशोबाने विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या ती मॅच न बघताच पास होऊन गेल्या.

त्यातून ते शहाणे झाले. त्यांच्या एसईसी नावाच्या तगड्या कॉन्फरन्सने २०२५ मध्ये नवा फॉर्म्युला ठरवला, २०२६ पासूनचा. प्रत्येक संघाचे कॉन्फरन्समध्ये नऊ सामने. त्यातले तीन प्रतिस्पर्धी दरवर्षी ठरलेले, बाकीचे सहा फिरते. म्हणजे शेजारीही राहिला आणि सगळ्यांशी खेळून झाल्याचा न्यायही राहिला. भांडणं संपली का? छे! ‘आमचे तीन कडक, त्यांचे तीन लिंबूटिंबू’ म्हणून आता भांडण सुरू. पण निदान मॅच होणार की नाही यावर भांडत नाहीत.

एक शेजारी पक्का करा

मग आपल्याकडे का नको? माझा फंडा साधा आहे. सातपैकी एक मॅच शेजाऱ्याची. बास. एलिटच्या आठ संघांच्या गटात प्रत्येकाला साखळीत सात सामने मिळतात. गट पाडताना शेजाऱ्यांच्या जोड्या एकत्र ठेवा आणि मग कामगिरीप्रमाणे जोड्यांची वाटणी करा. सगळ्या तगड्या जोड्या एकाच गटात जाणार नाहीत एवढं बघायचं. महाराष्ट्राला दोन शेजारी आहेत, तर एका वर्षी मुंबई आणि एका वर्षी विदर्भ. विदर्भालाही हलक्यात घेऊ नका. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, तीन वेळा करंडक नेलाय त्यांनी. जालना विरुद्ध देऊळगाव राजा, एकदा होऊनच जाऊ दे!

पण मग महाराष्ट्रावर पुन्हा तोच अन्याय नाही का? ४२ वेळा करंडक जिंकलेला संघ पुन्हा वाट्याला? इथे गणित करू. साठच्या दशकात चारपैकी एक सामना मुंबईशी होता, आणि पुढे जायचं ते एकानेच. म्हणजे मुंबई हा पेपरातला पंचवीस मार्कांचा प्रश्न होता, आणि वर्गातून फक्त पहिला नंबर पास. आज सातपैकी एक सामना, आणि गटातून दोघं पुढे. तोच प्रश्न आता चौदा मार्कांचा, आणि पास होणारे दुप्पट. एवढी रिस्क घ्यायला हरकत नाही राव. आणि शेजारी घसरून प्लेटमध्ये गेला तर? तर जोडी तुटली. मेहनत करून वर या, मग भेटू. तेवढी शिस्त हवीच.

कुणी म्हणेल, मग टेबलाबाहेरचा एक वेगळा सामना ठेवा ना. छान करंडक, पाहुणे, सत्कार, मोसमाआधीचा. नको! ज्या मॅचने पॉइंट मिळत नाहीत, तिला सीनियर खेळाडू पाठ दुखते म्हणून सांगतात आणि प्रेक्षक ट्रॅफिक आहे म्हणून. जीव लागतो तो काहीतरी जाणार असेल तरच.

जानेवारी २०२३ मध्ये ते बघायला मिळालं. त्या वर्षी चिठ्ठी बरी निघाली आणि दोघं एका गटात आले. शेवटचा साखळी सामना, ब्रेबॉर्न स्टेडियम, दोघांनाही पुढे जायची आशा. महाराष्ट्र सर्वबाद ३८४. मुंबई? तीही सर्वबाद ३८४! पहिल्या डावात एका धावेचीही आघाडी कुणाला नाही, म्हणून आघाडीचे तीन गुणही कुणाला नाहीत. महाराष्ट्र दुसऱ्या डावात २५२. मुंबईला थोड्या षटकांत २५३ हव्या होत्या, वेळ संपला तेव्हा ६ बाद १९५. सामना अनिर्णित आणि दोघंही घरी. गटातून पुढे गेलेल्या सौराष्ट्राने नंतर करंडकच जिंकला. शेजाऱ्यांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण जणू याच मॅचसाठी होती! एखाद्या लेखकाने असा शेवट लिहिला असता तर संपादकाने ‘फिल्मी आहे’ म्हणून परत पाठवला असता.

ऑक्टोबर २०२४ मध्येही दोघं भेटले, बीकेसीच्या मैदानावर. मुंबई नऊ विकेट्सनी जिंकली, आयुष म्हात्रे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने १७६ काढल्या. आणि मग २०२५-२६ चा मोसम आला. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. काय मसाला होता! पण गट वेगवेगळे पडले. साखळीत भेट नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला दोघांचा एक सराव सामना झाला, त्यात शॉने जुन्या टीमविरुद्ध १८१ केल्या, मैदानात बाचाबाचीही झाली. सराव सामन्यात! ज्याचा एक पॉइंट नाही, त्यात लोक एकमेकांच्या अंगावर जातात आणि ती बातमी दोन दिवस चालते. यावरून बोर्डाला काय कळायचं ते कळायला हवं.

आपल्या नोकरीतही बघा. बदली होते, टीम बदलते, एरिया बदलतो. एचआर म्हणतं, रोटेशन सगळ्यांसाठी फेअर आहे. असेलही. पण वर्षातून एकदा तरी त्याच जुन्या, खडूस, आपल्याला पुरेपूर ओळखणाऱ्या माणसासमोर उभं राहावं लागतं, तेव्हाच आपण किती पाण्यात आहोत ते कळतं. अनोळखी माणसासमोर हरलं तर फक्त निकाल लागतो. शेजाऱ्यासमोर हरलं की पुढच्या वर्षीची तयारी त्याच संध्याकाळी सुरू होते.

फक्त पुढचं वर्ष येणार आहे, हे माहीत असायला हवं.